शिवरातीला गुळातली रताळी, २२ माणसं, आणि यंदा लगदा नको

बालाघाटची_सून (३ फेब्रुवारी, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी, आधीच सांगते धागा लांबणार आहे कारण मला सगळंच विचारायचंय.

आमचं गाव अंबाजोगाईजवळ, आम्ही राहतो लातूरला. महाशिवरात्रीला सगळं खटलं गावी जमतं, सकाळी परळीला वैजनाथाचं दर्शन, रांगेत दोन-चार तास जातात, मग दुपारी दोन-अडीचला घरी येऊन फराळ. यंदा १५ तारखेला रविवारच आलाय त्यामुळं रजेचं कारण कुणालाच सांगता येत नाही, आत्तापर्यंत २२ जण नक्की आहेत. ताटात भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, दही, कवठाची चटणी आणि गुळातली रताळी. बाकी सगळं जाऊबाई आणि मी मिळून करतो, पण रताळी कायम आत्याच करायच्या. म्हणजे सासूबाई. त्यांच्या हातची रताळी म्हणजे एकेक काप अख्खा, वर गुळाचा नुसता चकचकीत थर, दाताखाली आला की विरघळणार.

मागच्या वर्षी त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मी केली. तीन किलो रताळी कुकरच्या मोठ्या भांड्यात कोंबली, तीन शिट्ट्या केल्या, उघडलं तर वरची कच्ची आणि खालची पेस्ट. वरून गूळ घालून हलवलं तर सगळंच पेस्ट. चुलत सासरे म्हणले "शिरा छान झालाय." वर्षभर ऐकतेय मी हे, लग्नात, बारशात, परवा एका तेराव्यात सुद्धा.

आत्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आत्ता डिसेंबरात, त्या स्वयंपाकघरात उभ्या राहू शकत नाहीत. विचारलं तर म्हणतात "अंदाजानं घालायचं गं, रताळं सांगतं." मला रताळं काहीच सांगत नाही. कुणीतरी माप सांगा.

गंजगोलाई_फिरस्ता (३ फेब्रुवारी, रात्री १०:३१)

शिरा छान झालाय, हाहाहा. ताई माफ करा पण काकांना दंडवत. मी बी लातूरचाच, आमच्याकडं शिवरातीला रताळं नुसतं उकडून ठेवत्यात, ज्याला पायजे त्यानं सोलून मीठ-तिखट लावून खावं. कामून एवढा ताप करून घ्यायला?

बालाघाटची_सून (३ फेब्रुवारी, रात्री १०:३५)

दादा, नुसती उकडून ठेवली तर "शिरा तरी बरा होता" असं ऐकावं लागेल.

मांजराकाठ (४ फेब्रुवारी, सकाळी ६:५०)

बाळा, मी साठी ओलांडलेली बाई आहे आणि चाळीस वर्षं करतेय म्हणून सांगते, गुळातल्या रताळ्याला कुकर नकोच. पसरट भांडं पाहिजे. जाड बुडाची कढई किंवा पितळेचं पातेलं असेल तर फार चांगलं, कल्हई केलेलं पाहिजे मात्र. अडीच किलो म्हणशील तर दोन भांड्यात कर, एकात नको, कापांचे दोन थर चालतात, तिसरा आला की खालचा दबतो. तुझं मागच्या वर्षी तेच झालं.

काप बोटाच्या पेराएवढे जाड. पातळ केले की मोडणार. साल मी काढते, काहीजण ठेवतात. चिरून लगेच पाण्यात टाकायचे नाहीतर काळे पडतात. आणि चिरायच्या आधी हाताला जरा तेल लाव, त्याचा पांढरा चीक चिकटतो तो साबणानं सुद्धा निघत नाही.

मग तूप. अडीच किलोला पाऊण वाटी तूप दोन्ही भांड्यात मिळून. तूप तापलं की काप पाण्यातून निथळून टाकायचे, वरून अर्धी वाटी पाणी शिंपडायचं, झाकण ठेवायचं आणि झाकणावर पाणी ठेवायचं. बारीक आच. पंधरा-वीस मिनिटं बघायचंच नाही. सुरी आत गेली पाहिजे पण काप दुभंगला नाही पाहिजे, तेव्हाच गूळ. आधी नाही. गूळ चिरून वरून पसरायचा, त्याला त्याचं पाणी सुटतं, वेगळं पाणी घालू नकोस. आणि उलथनं लावायचं नाही गं, भांडं दोन्ही हातांनी फडक्यात धरून हिसडायचं.

गूळ अडीच किलोला अर्धा किलो पुरे, गोड पाहिजे असेल तर वर. वेलची, जायफळ शेवटी. किसलेलं खोबरं वरून.

बालाघाटची_सून (४ फेब्रुवारी, सकाळी ८:१५)

काकू मी हे प्रिंट काढून ओट्यावर चिकटवणार आहे. झाकणावर पाणी कशासाठी पण?

मांजराकाठ (४ फेब्रुवारी, सकाळी ८:४०)

आमच्या सासूबाई ठेवायच्या म्हणून. खाली लागत नाही.

ओटा_सायन्स (४ फेब्रुवारी, सकाळी ११:०५)

काकूंच्या सासूबाईंना सायन्स माहीत होतं. मी परभणीला फूड टेक केलंय म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढं जा.

झाकणावर पाणी असलं की झाकण गार राहतं, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंब होऊन खाली पडते, म्हणजे थोड्याशा पाण्यात अर्धा तास शिजवता येतं, वरून पाणी ओतावं लागत नाही आणि काप पाण्यात पोहत नाहीत. पोहले की गोडी पाण्यात जाते.

दुसरं, बारीक आच का. रताळ्यात स्टार्च असतो आणि त्याच्याच सोबत तो स्टार्च तोडून माल्टोज नावाची साखर करणारं एन्झाइम पण असतं, बीटा अमायलेज. ते साधारण ६० ते ७५ डिग्रीच्या पट्ट्यात जोरात काम करतं आणि त्याच्या बरंच वर गेलं की मरतं. म्हणजे रताळं जितका जास्त वेळ त्या पट्ट्यातून हळूहळू वर चढेल तितकं आपोआप गोड होतं. कुकरमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये ते धाडकन वर जातं, एन्झाइमला वेळच मिळत नाही, म्हणून मायक्रोवेव्हचं रताळं पिठूळ लागतं. चुलीच्या राखेत पुरलेलं रताळं एवढं गोड का लागतं त्याचं कारण हेच, राख सावकाश तापवते.

तिसरं, गूळ आधी घातला तर काप कडक राहतात, कितीही शिजवा. गुळाच्या पाकानं कापातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि गुळातलं कॅल्शियम भाजीच्या पेशींना चिकटवून धरणाऱ्या पेक्टिनला अजून घट्ट करतं. आधी शिजवून मग गूळ घातला तर हाच गुण उपयोगी पडतो, शिजलेला काप तिथंच थांबतो, पुढं मोडत नाही. काकू म्हणाल्या "सुरी आत जाईल पण दुभंगणार नाही" तो क्षण म्हणजे हाच.

गंजगोलाई_फिरस्ता (४ फेब्रुवारी, सकाळी ११:२०)

म्हणजे रताळं खरंच सांगतं, तुमच्या आत्या बरोबर होत्या.

रानमाणूस_परभणी (४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४८)

सगळे शिजवायचं बोलायलेत, घ्यायचं कुणीच सांगंना. मी दरवर्षी थोडं रताळं करतो, वीस-पंचवीस गुंठे, घरच्या आणि शिवरातीच्या बाजारापुरतं. वेल लावल्यापासून चारेक महिने लागतात.

बाजारात शिवरातीच्या आदल्या दोन दिवसांत जे रताळं येतं ते बऱ्याचदा कालचं उपटलेलं असतं, भाव असतो म्हणून सगळे एकदम काढतात. ताजं रताळं दिसायला लाल-लाल पण गोडीला कमी. आठ-दहा दिवस घरात मुरलं की गोड होतं. तेव्हा ताई आत्ताच घ्या, शिवरातीला अकरा दिवस आहेत, एकदम बरोबर टाईम. धुवू नका, माती तशीच राहू द्या, ओलं ठेवलं की सडतं. टोपलीत किंवा पोत्यावर पसरून अंधारात, हवेशीर ठेवा.

घेताना मध्यम बघा, मनगटाएवढं. लई जाड घेतलं की आत दोरे निघतात. दोन्ही टोकं बघा, आणि अंगावर बारीक-बारीक टाचणीनं टोचल्यासारखी भोकं असली तर एक पण घेऊ नका, ती सोंडकिड असते. वरून एकच भोक दिसतं आणि आत बोगदा. आणि नुसता किडका भाग कापून उपयोग नाही, ते सगळं रताळं कडू झालेलं असतं आणि शिजल्यावर वास पण येतो. एक कडू रताळं गुळात पडलं की सगळं पातेलं गेलं समजा.

बालाघाटची_सून (४ फेब्रुवारी, रात्री ९:०२)

बाप रे, मी तर आदल्या दिवशी घेणार होते. उद्याच यांना पाठवते गोलाईत.

तांबडा_पांढरा (४ फेब्रुवारी, रात्री ९:३०)

गूळ कोल्हापूरचाच घ्या एवढंच सांगायला आलो होतो.

गंजगोलाई_फिरस्ता (४ फेब्रुवारी, रात्री ९:३३)

आलं का हे. आमच्याकडं बी ऊस हाय, आमच्याकडं बी गुऱ्हाळं हायती, तुमच्याकडं फक्त जाहिरात जास्त हाय.

मांजराकाठ (४ फेब्रुवारी, रात्री ९:५०)

भांडू नका रे. गूळ कुठला का असेना, पिवळाधमक नको, जरा काळपट घे. आणि आधी चिमूटभर जिभेवर ठेवून बघ, खारट गूळ असतो कधीकधी.

वेरूळवाला (५ फेब्रुवारी, दुपारी १:१५)

एक गंमत सांगतो, विषयाला सोडून आहे पण राहवत नाही. आपल्या मराठवाड्यात तीन ज्योतिर्लिंगं, परळी, औंढा आणि आमचं घृष्णेश्वर, म्हणजे शिवरातीचा उपास आपण जितक्या निष्ठेनं करतो तितका कोण करत असेल. पण त्या उपासाच्या ताटात बघा. रताळं मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या काळात इकडं आलं. बटाटा तिकडचाच. शेंगदाणा तिकडचाच. हिरवी मिरची तिकडचीच. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका पण तिकडचाच. ताटातलं जुनं आपलं म्हणाल तर भगर, दही, तूप आणि कवठ.

गंजगोलाई_फिरस्ता (५ फेब्रुवारी, दुपारी १:२२)

म्हणजे आमचा एवढ्या वर्षांचा उपास मोडला?

वेरूळवाला (५ फेब्रुवारी, दुपारी १:२५)

नाही हो. चारशे-पाचशे वर्षं पाहुणा घरात राहिला की घरचाच होतो.

न्यूजर्सीतली_उदगीरकर (५ फेब्रुवारी, रात्री ११:४०)

तिकडचं म्हणलात म्हणून लिहिते, मी तिकडंच राहते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी यांचं थँक्सगिव्हिंग असतं, सगळं कुटुंब एका टेबलावर, आणि त्यात रताळी लागतातच. पण कशी? उकडून, कुस्करून, लोणी आणि ब्राऊन शुगर घालून, वरून मार्शमेलो म्हणजे साखरेचे मऊ पांढरे गोळे लावून ओव्हनमध्ये भाजतात. आणि हे गोड प्रकरण जेवणानंतर नाही, जेवणासोबतच, टर्कीच्या शेजारी वाढतात. पहिल्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राकडं गेलो होतो, मला ते बघून एकदम घरचंच वाटलं, आपण नाही का भगर-आमटीसोबत गुळातली रताळी खातो. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणली "कुस्करली कामून पण?"

इकडं नारिंगी गराची मिळतात, दुकानात त्यांना याम म्हणून पाटी लावतात, खरं तर याम हा वेगळाच कंद. ही नारिंगी फार ओलसर असतात, गुळातल्या कापांना अजिबात चालत नाहीत, हमखास मोडतात. मी इंडियन स्टोअरमधून लाल सालीची पांढऱ्या गराची आणते, थोडी पिठूळ असली तरच काप उभा राहतो. तिकडं हल्ली नारिंगी आणि जांभळी पण मिळतात म्हणे, ताई ती घेऊ नका या पदार्थाला.

साखर_मोजणारी (६ फेब्रुवारी, सकाळी ९:१०)

२२ माणसांत मधुमेहवाले किती आहेत ते पण सांगा. मी नर्स आहे, दर शिवरातीनंतरच्या आठवड्यात काय होतं ते बघते. "उपासाचं आहे, चालतं" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. शंभर ग्रॅम रताळ्यात साधारण २० ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, त्यात त्याच ताटात भगर, बटाटा, कधी साबुदाणा आणि वर गूळ. रताळं वाईट नाही, उलट साल ठेवली तर फायबर पण मिळतं, पण ते भगर-बटाट्याच्या जागी खावं, त्यांच्यावर नाही. आणि त्यांच्यासाठी उकडलेलं, गुळाविना, दह्यात करा. भाजलेल्यापेक्षा उकडलेल्यानं साखर जरा सावकाश चढते. गोळी किंवा इन्शुलिन घेणारे दिवसभर उपाशी राहून एकदम दुपारी अडीचला जेवणार असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावा, ते जास्त महत्त्वाचं आहे.

बालाघाटची_सून (६ फेब्रुवारी, सकाळी १०:००)

मधुमेहवाले तीन. त्यातले एक तेच, शिरावाले काका. दह्यातलं कसं करायचं सांगा ना.

मांजराकाठ (६ फेब्रुवारी, सकाळी १०:४५)

सोपं आहे. उकडून, गार करून, बोराएवढ्या फोडी. गार केल्याशिवाय दह्यात टाकायचं नाही. गोडसर दही, मीठ, शेंगदाण्याचा कूट, वरून तुपात जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी. कोथिंबीर तुमच्याकडं उपासाला चालत असेल तर.

गंजगोलाई_फिरस्ता (६ फेब्रुवारी, सकाळी १०:५०)

कोथिंबीर चालती का नाही हा प्रश्न या धाग्यावर कुणीबी काढू नका, हात जोडतो, मागच्या खिचडीच्या धाग्याला त्यावरूनच कुलूप लागलंय.

देवणीची_सुगरण (६ फेब्रुवारी, दुपारी ३:२०)

आमच्याकडं तर जिरं पण चालत नाही.

वेरूळवाला (६ फेब्रुवारी, दुपारी ३:२५)

आमच्याकडं जिरं चालतं, हळद चालत नाही, कोथिंबीर आजोळी चालते, घरी नाही.

गंजगोलाई_फिरस्ता (६ फेब्रुवारी, दुपारी ३:२६)

झालं.

बालाघाटची_सून (८ फेब्रुवारी, रात्री ८:१८)

मंडळी घोटाळा झालाय. रताळी परवा आणली, चांगली मनगटाएवढी, भोकं वगैरे बघून, यांनी गोलाईत एकेक उचलून बघितलं तर दुकानदार म्हणला "साहेब पोरगी बघायला आलाव का." ते सगळं ठीक. पण आज फ्रीज उघडला तर खालच्या कप्प्यात रताळी! यांनीच ठेवली, "टिकावीत म्हणून." वर धुवून ठेवली. दोन दिवस झाले. आता काय?

रानमाणूस_परभणी (८ फेब्रुवारी, रात्री ८:४०)

काढा आधी बाहेर. कापडानं कोरडी पुसा, पेपरवर पसरा, एकमेकाला लागू देऊ नका. रोज एकदा हात फिरवून बघा, मऊ पडलेलं दिसलं की बाजूला काढा.

ओटा_सायन्स (८ फेब्रुवारी, रात्री ९:०५)

दोन दिवसांनी फार बिघडत नाही, घाबरू नका. रताळं गरम प्रदेशातलं पीक आहे, १३-१५ डिग्रीला छान टिकतं, पण फ्रीजमधल्या ४-५ डिग्रीला आठवडाभर राहिलं की आतून बिघडतं, मधला भाग शिजवला तरी टणक राहतो, दगडासारखा. चव पण जाते. तुमची वाचली बहुतेक. तरी एक शिजवून बघाच, असंही आधी ट्रायल घ्यायला पाहिजे होती.

बालाघाटची_सून (१० फेब्रुवारी, दुपारी ४:३०)

ट्रायल घेतली. अर्धा किलो. टणक वगैरे काही नाही, बरं झालं. पण माझा धीर सुटला, बारा मिनिटांतच गूळ घातला, सुरी जात होती म्हणजे मला वाटली जात होती. तुम्ही म्हणलात तेच झालं, काप बाहेरून चकचकीत आणि आतून कच्चे, त्यानंतर अर्धा तास ठेवलं तरी ढिम्म. मुलाला दिलं तर म्हणला "आई हे सफरचंद आहे का."

आत्यांना गावी फोन लावून सांगितलं तर खूप हसल्या, मग म्हणल्या कडेचा काप नको बघू, मधला बघ, कडेचे आधी शिजतात. हे मला तीन वर्षांत पहिल्यांदा सांगितलं त्यांनी! अजून काय काय आहे पोतडीत म्हणलं तर म्हणे तू विचारलंच नाहीस.

मांजराकाठ (१० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००)

अगं त्यांना पण माहीत नसतं आपल्याला काय काय माहीत आहे ते. हाताला माहीत असतं. तू चुकलीस की त्यांना आठवतं. त्यांना ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसव त्या दिवशी, विचारू नकोस काही, नुसती कर.

देवणीची_सुगरण (१० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०)

हे अगदी बरोबर. आमची आई माप विचारलं की चिडायची, पण शेजारी उभं राहून चुकीचं करायला लागलं की हातातून उलथनं ओढून घ्यायची. मी मुद्दाम चुकायचे शेवटी शेवटी.

गंजगोलाई_फिरस्ता (११ फेब्रुवारी, सकाळी ७:१५)

पोरांसाठी कीस बी करा थोडा. खिसून, तुपात जिरं-मिरची, कूट, मीठ, जराशी साखर, झाकण ठेवून पाच मिनिटं. खिसल्यावर पाण्यातून घट्ट पिळून घ्या म्हणजे गिच्च होत नाही. माझी पोरं रताळं म्हणलं की पळत्यात, कीस म्हणलं की ताट घेऊन येत्यात, एकच वस्तू हाय.

बालाघाटची_सून (१४ फेब्रुवारी, दुपारी १२:०५)

गावी पोहोचलो. आता २६ जण झालेत, नणंदेच्या सासरचे चौघं वाढले. साडेतीन किलो रताळी आहेत, त्यातलं पाऊण किलो दह्यात. दोनच कढया आहेत, तिसरी कुठून आणू? आणि शेवटचा प्रश्न, हसू नका, ताटात रताळी डावीकडं वाढायची का उजवीकडं? जाऊबाई म्हणतात गोड आहे म्हणजे उजवीकडं, मी म्हणते तोंडीलावणं आहे म्हणजे चटणीशेजारी.

मांजराकाठ (१४ फेब्रुवारी, दुपारी १२:३०)

गुळातली उजवीकडं, दह्यातली डावीकडं. दोघी जिंकलात. आणि कढई नसली तर एक घाणा झाला की परातीत काढ आणि त्याच कढईत दुसरा टाक, घाई कशाला, रताळी गार पण चांगली लागतात. दर्शनाला जायच्या आधी सकाळीच करून ठेव.

रानमाणूस_परभणी (१४ फेब्रुवारी, दुपारी १:१०)

भगर सुटी घेतली असेल तर बघून घ्या, भगरीचं तयार पीठ तर अजिबात नको, दरवर्षी उपासाच्या दिवशी कुठं ना कुठं त्यातून विषबाधा होती.

न्यूजर्सीतली_उदगीरकर (१६ फेब्रुवारी, सकाळी ५:३०)

काय झालं?? आमच्याकडं अजून रविवारच आहे, मी सकाळपासून पाच वेळा धागा उघडून बघितला.

बालाघाटची_सून (१६ फेब्रुवारी, दुपारी २:४५)

आत्ता लातूरला आले, पाय तुटलेत. सांगते.

पहाटे चारला उठलो. आत्यांना खुर्ची दिली, ओट्याकडं तोंड करून. काकू तुम्ही म्हणलात तसं काहीच विचारलं नाही. तूप तापवलं, काप टाकले, पाणी शिंपडलं, झाकण. त्या गप्प. झाकणावर तांब्यातलं पाणी ओतलं तर म्हणल्या "हे कुणी सांगितलं तुला?" मी म्हणलं मांजराकाठच्या काकूंनी. "कोण त्या?" आता काय सांगू. म्हणलं ओळखीच्या आहेत.

अठरा मिनिटांनी मधला काप टोचला, मला वाटलं झाला, गुळाच्या ताटलीला हात घातला तर मागून आवाज, "अजून दोन मिनिटं." नुसत्या वासावरून! वास बदलतो म्हणे, आधी ओल्या मातीसारखा येतो आणि शिजत आला की भाजल्यासारखा गोड. मी वाकून वास घेतला, खरंच बदलला होता, किंवा मला तसं वाटलं. दोन मिनिटांनी गूळ. मग भांडं हिसडायला गेले तर उचलेना, जड, तेव्हा आत्यांनी हाक मारून यांना आणलं आणि फ्रीजची शिक्षा म्हणून तिन्ही घाणे यांनीच हिसडले. दुसऱ्या घाण्यात कडेचे चार-पाच काप मोडले ते आम्ही तिघांनी तिथंच संपवले. म्हणजे उपासाचं पहिलं फराळ पहाटे साडेपाचला उभ्यानं.

परळीला रांग तीन तासांची. येईपर्यंत अडीच वाजून गेले होते, सगळे कडकडून भुकेलेले.

काकांना दह्यातली वाढली होती, साखर_मोजणारी ताई तुमचा शब्द पाळला, त्यांनी डॉक्टरांना पण विचारलं होतं. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली, मग शेजारच्या पुतण्याच्या ताटातून गुळातला एक काप उचलला, उलटा करून बघितला, खाल्ला आणि मला म्हणले, "शिरा जमला नाही यंदा."

आत्यांनी जेवताना काही म्हणलं नाही. रात्री झोपताना म्हणल्या गूळ जरा कमी पडला.

दुसऱ्या पंगतीला पुरली नाहीत, यांना आणि मला मिळालीच नाहीत. काकू, पुढच्या वेळी माणशी दीडशे ग्रॅम धरा असं लिहून ठेवते प्रिंटवर.

मांजराकाठ (१६ फेब्रुवारी, दुपारी ३:१०)

गूळ कमी पडला म्हणाल्या म्हणजे रताळी जमली गं. नाहीतर आधी रताळ्याला नाव ठेवलं असतं. तो वासाचा प्रकार मला पण माहीत नव्हता, आता आषाढीला बघते.

गंजगोलाई_फिरस्ता (१६ फेब्रुवारी, दुपारी ३:१४)

साहेबांच्या हाताला काय झालं ते बी कळवा, तीन घाणे म्हणजे गंमत नाय.

बालाघाटची_सून (१६ फेब्रुवारी, दुपारी ३:२०)

बाम लावून बसलेत. कवठं तीन उरलीत, पिकलेली, गूळ पण आहे. चटणीचा वेगळा धागा कुणी काढायलंय का मीच काढू?